माळ्यावरचा फिल्म कॅमेरा रविवारी बाहेर काढताना

मुंबईत जुने कॅमेरे बहुतेक वेळा कपाटातच मरतात. चामड्याच्या केसमध्ये घट्ट बंद, शेजारी डांबरगोळ्या, आणि त्यावरून गेलेले पंधरा-वीस पावसाळे. चामडं ओल धरून ठेवतं, आतल्या काचांवर बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे पसरतात, शटरमधलं वंगण सुकून चिकट होतं. तोच कॅमेरा महिन्यातून दोनदा बाहेर पडला, शटर पन्नासेक वेळा उघडलं-मिटलं, लेन्सला वारा नि उजेड मिळाला, तर यातलं पुष्कळसं टळतं. रविवारची भटकंती ही हौस आहेच, पण कॅमेऱ्याचं पथ्यपाणीही तीच आहे.

पुढचं बहुतेक ३५ मिमी रोलच्या, हाताने फोकस करायच्या कॅमेऱ्यांना धरून आहे: पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२ किंवा एफएम१०, मिनोल्टा एसआरटी, झेनिट. घरात अ‍ॅग्फा क्लिक थ्री किंवा यशिका मॅट १२४जी निघाला तर त्याला १२० चा रोल लागतो आणि त्यावर १२ चौकोनी फोटो येतात. क्लिक थ्रीच्या पाठीवर आकडे वाचायची लाल खिडकी असते. आजच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो, म्हणून तिच्यावर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढे सरकवतानाच, तोही सावलीत, ती उचला.

आधी घरी तपासा

हे काम आदल्या रात्रीवर ठेवू नका. एक आठवडा हाताशी असू द्या, कारण काहीतरी निघतंच.

रोल नसताना मागचं झाकण उघडा, लेन्स काढा आणि कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरा. सगळ्यात मंद स्पीडपासून (स्पीड म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते) एकेक स्पीड दाबून पाहा. १ सेकंदाचं शटर अडखळत, घरघरत मिटलं किंवा उघडंच राहिलं, तर वंगण सुकलं आहे. दहा-पंधरा वेळा चालवल्यावर सुधारलं तर ठीक, नाहीतर दुरुस्ती. वरचे स्पीड कानाला कळत नाहीत. त्यासाठी मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर मागून चित्रण करा. १/३० ला शटर साधारण ८ फ्रेम उघडं दिसायला हवं, १/६० ला ४. एखाद-दुसऱ्या फ्रेमचा फरक चालतो, दुप्पट असेल तर नाही. तेल, डब्ल्यूडी-४० वगैरे काहीही आत मारू नका. ते पसरत अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधलं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर जातं, पाती चिकटतात, आणि मग आधी होता त्यापेक्षा मोठा खर्च येतो.

कापडी पडद्याचं शटर असेल तर खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्च लावा. पडद्याला भोकं असतील तर चांदण्यांसारखी चमकतात. जुन्या सोव्हिएत फेड आणि झोर्कीमध्ये ही हमखास सापडतात. या कॅमेऱ्यांत लेन्स आणि पडद्यामध्ये आरसा नसतो, त्यामुळे झाकण न लावता लेन्स सूर्याकडे राहिली की भिंगाने कागद जळावा तसा पडदा जळतो. उन्हात चालताना यांच्या लेन्सवर झाकण हवंच. आणखी एक: फेड-झोर्कीचं शटर आधी चढवायचं, स्पीडची चकती मग फिरवायची. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून तिरकं पाहा. धुळीचे थोडेफार कण असले तरी फोटोवर फरक पडत नाही, त्यासाठी लेन्स उघडू नका. फांद्या फुटलेले पांढरे धागे म्हणजे बुरशी. दुधाळ पटल म्हणजे काचेवर बसलेली वाफ, त्याने फोटो फिके येतात. बुरशी काठाला थोडीशीच असेल तर लेन्स वापरता येते, पण इतर लेन्सबरोबर एका डब्यात ठेवू नका. मधोमध असेल तर लवकर साफ करून घ्या. ती काचेवरचं कोटिंग खाते आणि ते परत येत नाही.

मागच्या झाकणाच्या खाचांमध्ये काळा स्पंज असतो. तो उजेड अडवतो. तीस-चाळीस वर्षांनी त्याचा डांबरासारखा चिकटा होतो. बोट लावून पाहा: काळं लागलं तर तो बदला, हे काम घरी जमतं. आधी शटरच्या चौकटीवर कागदी मास्किंग टेप हलकेच लावा, म्हणजे तुकडे पडद्यावर पडणार नाहीत. ही टेप पडद्याला न चिकटता चौकटीच्या कडांवरच टेकली पाहिजे. मग टूथपिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाचेतला चिकटा थोडा थोडा खरवडून काढा, कापसाच्या बोळ्याने पुसा, अर्धा तास वाळू द्या. अरुंद खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवला तरी काम भागतं, गोंदाचा एखादा ठिपका पुरतो. बिजागरीच्या बाजूला मात्र दीड-दोन मिलिमीटर जाडीची फोमची पट्टीच लावा. उजेड सगळ्यात जास्त तिथूनच शिरतो.

सेलचं पाहू. के१००० ला एक एलआर४४ लागतो, आणि तळाचं झाकण रुपयाच्या नाण्याने उघडतं. या कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बंद करायचा खटका नाही. लेन्सवर झाकण लावलं की अंधारात मीटर झोपतो, उघडी ठेवली तर सेल संपत राहतो. मिनोल्टा एसआरटीसारख्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागत असे, तो आता बनत नाही. त्या जागी १.५ व्होल्टचा साधा सेल घातला की मीटर चुकीचं सांगतो. सोपा उपाय औषधांच्या दुकानात मिळतो: कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल, १.४ व्होल्टचा. तो आकाराने लहान आहे, भोवती रबरी रिंग घालून बसवावा लागतो, आणि वरची चिकटपट्टी काढली की दोनेक महिनेच टिकतो. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरी पूड असेल तर लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा बोळा फिरवा, मग अल्कोहोलचा.

दुरुस्ती आणि सुट्या भागांसाठी सीएसएमटीजवळचा फोर्टमधला बोरा बाजार ही जुनी, भरवशाची गल्ली. चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, कॅमेरे भरपूर दिसतात, पण त्यातले बरेच शोभेपुरते उरलेले असतात. तिथून घ्यायचा असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या उभ्या उभ्या करा. टॉर्च मोबाइलमध्ये असतोच.

रोल कोणता, आणि भरायचा कसा

ऑक्टोबर ते मे उन्हात फिरणार असाल तर रंगीत २०० आयएसओ (आकडा मोठा तितकी फिल्म कमी उजेडात चालते): कोडॅक कलरप्लस किंवा गोल्ड. पावसाळ्यात, गल्ल्यांत किंवा संध्याकाळी ४०० हवा. कृष्णधवलमध्ये इलफर्ड एचपी५ प्लस सगळ्यात सोशिक आहे. ४०० ची फिल्म मेच्या उन्हात घातली तर अडचण होते: के१००० चा सगळ्यात वरचा स्पीड १/१०००, त्यामुळे अ‍ॅपर्चर एफ ११ च्या आसपासच (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवावं लागतं आणि मागची पार्श्वभूमी धूसर करायची सोय उरत नाही.

फ्रिजमधला रोल डबीतून लगेच काढू नका. डबी बंद ठेवून दीड-दोन तास बाहेर राहू द्या, नाहीतर मुंबईच्या हवेत फिल्मवर दव धरतं. लेन्सचंही तसंच: एसी खोलीतून थेट बाहेर आलात की ती धुक्याने भरते. बॅग बंद ठेवूनच वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या.

भरताना सावलीत उभे राहा. फिल्मचं टोक उजवीकडच्या रिळाच्या खाचेत घाला, रोल पुढे सरकवायची लिव्हर एकदा ओढा, आणि फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दातऱ्यांवर नीट बसली आहेत का ते पाहा. मग झाकण लावा. आता डावीकडची रिवाइंडची किल्ली बाणाच्या दिशेने, हलक्या हाताने, अडेपर्यंत फिरवा, म्हणजे आतला ढिलेपणा जातो. यानंतर लिव्हर ओढताना ती किल्ली उलटी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म सुटली आहे. आकडे पुढे सरकत राहतील, ३६ फोटो काढल्याचं समाधान होईल, आणि रोल कोरा निघेल. नव्या माणसाचा पहिला रोल बहुतेक याच कारणाने वाया जातो. किल्ली फिरते हे पाहिल्यावर दोन कोरे फोटो सोडा, आणि आयएसओची चकती फिल्मप्रमाणे लावायला विसरू नका.

उजेड मीटरशिवाय

मीटर चालत असला तरी हा हिशोब पाठ असावा. लख्ख ऊन, काळी ठळक सावली: एफ १६, आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं, म्हणजे २०० ला १/२५०, ४०० ला १/५००. सावलीच्या कडा मऊ दिसत असतील तर ११. ढगाळ, सावली जेमतेम: ८. सावलीच नाही, किंवा इमारतीच्या मोकळ्या सावलीत उभा माणूस: ५.६.

मुंबईसाठी यात दोन दुरुस्त्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शहरावर धूसर थर असतो. ऊन चकचकीत वाटतं, पण सावल्या फिक्या असतात, म्हणून एक स्टॉप उघडा, म्हणजे दुप्पट उजेड द्या: १६ ऐवजी ११. दुसरी दुरुस्ती गल्ल्यांची: दोन्ही बाजूंना घरं आणि वर अरुंद आकाश असेल तर मोकळ्या सावलीपेक्षाही एक-दोन स्टॉप कमी उजेड असतो. ४०० च्या रोलला तिथे १/१२५ आणि एफ ८ किंवा ५.६ धरा. शंका आली तर रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड द्या. दोन स्टॉप जास्त ती सहज पचवते, दोन स्टॉप कमी पडले की सावल्या चिखलासारख्या येतात.

मीटर समुद्र आणि आकाश पाहून फसतो. मरीन ड्राइव्हवर माणसाच्या मागे पाणी चमकत असेल तर माणूस काळा येतो. अशा वेळी त्याच्यावर पडतो त्याच उजेडात आपला तळहात धरा, मीटरमध्ये फक्त तळहात भरेल इतकं जवळ जाऊन वाचा, आणि एक स्टॉप उघडा.

कृष्णधवलला पिवळा फिल्टर लावला की धूसर आकाशालाही थोडा रंग चढतो. एक स्टॉप जास्त द्यावा लागतो. लेन्समधून मोजणारा मीटर ते आपोआप धरतो, मोबाइलचा धरत नाही.

कुठे, आणि किती वाजता

सुरुवात ओव्हल मैदानापासून करावी असं आमचं ठाम मत आहे. मैदानाच्या पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतलं हायकोर्ट, विद्यापीठ आणि १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही शैलींच्या इमारतींना, मरीन ड्राइव्हसकट, जागतिक वारशाचा दर्जा दिला. फोटो काढणाऱ्याला महत्त्वाचं म्हणजे दोन रांगा समोरासमोर आहेत. सकाळचं ऊन आर्ट डेकोच्या बाल्कन्यांवर पडतं, संध्याकाळचं राजाबाई टॉवरच्या दगडावर. सकाळी टॉवर काढायला गेलात तर सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि दगडाचं कोरीवकाम दिसतच नाही. हिवाळ्यात टॉवरसाठी पाचच्या सुमाराला या. जवळ उभं राहून कॅमेरा वर केला की टॉवर मागे कलंडल्यासारखा येतो, म्हणून मैदान ओलांडून पश्चिमेच्या कडेपर्यंत मागे जा आणि कॅमेरा उभा धरा.

रविवारी सकाळी फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटचे रस्ते रिकामे असतात, कमानी आणि खांब निवांत काढता येतात. मात्र नौदलाच्या फाटकांकडे कॅमेरा वळवू नका. ट्रायपॉड घरीच ठेवा. वारसा वास्तूंपाशी तो उघडला की सुरक्षा कर्मचारी हटकतात. मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी पाहून ठेवा आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत पोहोचा. तसंही मार्चनंतर दहा वाजता ऊन डोक्यावर येतं आणि चेहऱ्यांच्या डोळ्यांखाली काळी खोबणी पडते.

गिरगावातली खोताची वाडी, चर्नी रोडहून चालत, लाकडी जिन्यांची आणि व्हरांड्यांची. तिथे फोकस आधीच जुळवून ठेवायची पद्धत उपयोगी पडते. ५० मिमी लेन्स, एफ ११, फोकस ३ मीटरवर: साधारण सव्वादोन ते पाच मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. ३५ मिमी असेल तर एफ ८ आणि फोकस ५ मीटर, म्हणजे अडीच मीटरपासून पुढे सगळं. फोकस फिरवत बसावं लागत नाही, लक्ष समोर राहतं. पण ती लोकांची राहती घरं आहेत. दारात कोणी असेल तर आधी बोला, मग कॅमेरा उचला. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावावर पायऱ्या आणि पाण्यातलं प्रतिबिंब सकाळी सुरेख मिळतं, पण तिथे विधी चालू असतात. तशा वेळी कॅमेरा खाली.

मेट्रोने येत असाल तर बॅग एक्स-रेमधून जाते. ४०० पर्यंतच्या फिल्मला एक-दोन फेऱ्यांनी काही होत नाही, पण परिणाम साठत जातो, म्हणून रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाती तपासायची विनंती करा. विमानतळावरचे नवे सीटी स्कॅनर वेगळे आहेत, त्यातून न धुतलेला रोल एकदाही जाऊ देऊ नका.

रोल संपल्यावर

३६ च्या पुढे लिव्हर अडली की जोर लावू नका, भोकं फाटतात. तळाचं बटण दाबून किल्ली बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. शेवटी एक हलका झटका लागतो आणि किल्ली मोकळी फिरू लागते, तेव्हाच झाकण उघडा. मध्येच अडकलं तर कॅमेरा तसाच घरी आणा आणि रात्री, दिवे बंद करून, जाड रजईखाली हात घालून फिल्म काढा.

रोल पंधरा दिवसांत धुवायला द्या, पावसाळ्यात त्याहून लवकर. लॅबला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: रंगीत की कृष्णधवल (त्यांची रसायनं वेगळी), स्कॅन किती मोठं हवं, आणि निगेटिव्ह परत हवी आहे. हे शेवटचं न सांगितल्यास काही ठिकाणी फक्त स्कॅन मिळतात.

निगेटिव्ह परत आली की खिडकीसमोर धरून वाचा, चुका तिच्यातच लिहिलेल्या असतात. कडेचे आकडे आणि अक्षरं आहेत पण फोटो एकही नाही: रोल सरकलाच नव्हता. कडेचे आकडेही नाहीत, सगळं स्वच्छ: धुण्यात चूक. फोटोच्या काठातून आत शिरलेले काळे पट्टे, जे स्कॅनवर केशरी दिसतात: स्पंज गेला आहे. १/१००० वर काढलेल्या फोटोंचीच एक बाजू निगेटिव्हवर कोरी होत जाते: शटरचे दोन पडदे एका वेगाने धावत नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत १/५०० च्या वर जाऊ नका.

जुनी लेन्स, नवा कॅमेरा

फिल्म महाग झाली आहे, दर आठवड्याला परवडतेच असं नाही. मधल्या रविवारी जुनी लेन्स मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावा. झेनिटबरोबर येणारी हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ २, यासाठी उत्तम. तिचे आटे एम४२ प्रकारचे, बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. सोनी ई चं १८, फुजी एक्सचं १७.७, मधली फट साधा धातूचा अडॅप्टर भरून काढतो. निकॉनच्या एसएलआरचं (आरशाच्या कॅमेऱ्याचं) अंतर मात्र ४६.५ आहे. जागाच उरत नाही, त्यामुळे साध्या अडॅप्टरवर दूरचं फोकस येत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू केल्याशिवाय फोटो निघणार नाही, हे आधी घरीच करून ठेवा.

हेलिओसची ओळख म्हणजे मागची पानं भोवऱ्यासारखी गोल फिरल्यासारखी दिसणं. ते आपोआप होत नाही. अ‍ॅपर्चर एफ २ वर हवं, माणूस दीड-दोन मीटरवर, आणि त्याच्या मागे चार-पाच मीटरवर उन्हाचे कवडसे पडलेली दाट पानं. हॉर्निमन सर्कलची बाग किंवा राणीची बाग सकाळी हे सगळं देते. सेन्सर लहान असेल तर चौकटीच्या कडा कापल्या जातात आणि भोवरा निम्मा उरतो.

परत आल्यावर

कॅमेरा मऊ कपड्याने पुसा, मरीन ड्राइव्ह किंवा वांद्र्याहून आला असाल तर कपडा किंचित ओला करून. खारं पाणी धातूला सोडत नाही. लेन्सवर रबरी फुग्याच्या ब्लोअरनेच फुंका, तोंडाच्या हवेत थुंकी असते आणि बुरशीला तीच पुरते. चामड्याची केस वेगळी ठेवा.

स्वयंपाकघरात असतो तसा रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषून रंग बदलणारे खडे) आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये असावा. ६० च्या वर गेला की सिलिका तापवायला झाली: मंद आचेवर, रंग परत येईपर्यंत. त्यासाठी एक जुना तवा कायमचा वेगळा काढा, त्यात पुन्हा अन्न शिजवू नका. ३० च्या खाली काटा नेण्यात फायदा नाही, वंगण आणि रबर सुकतं. डांबरगोळी किंवा कापूर डब्यात नको, त्यांची वाफ काचेवर बसते.

जून ते सप्टेंबर बाहेर पडणं जमलं नाही तरी पंधरा दिवसांनी कोरडा दिवस पाहून कॅमेरा काढा. लेन्स खिडकीशी तासभर उजेडात ठेवा, पण कडक ऊन थेट आत पडू देऊ नका. फोकसची आणि अ‍ॅपर्चरची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक स्पीडवर शटर दहा वेळा चालवा. कॅमेऱ्यात रोल नसताना हे करा. शेवटचं शटर दाबून मोकळं करा आणि लिव्हर पुन्हा न ओढताच डब्यात ठेवा, म्हणजे स्प्रिंग ताणलेली राहत नाही.